सोनाळ्याच्या धाब्यावर वाळलेली वेल

दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजच्या खर्चानं माझ्याच गावी जाऊन आलो. ऐकणाऱ्याला यात गंमत वाटते. माणसं हवापालटाला पचमढीला जातात, चिखलदऱ्याला जातात. मी सोनाळ्याला गेलो, जिथं शाळेच्या पहिल्या पाटीपासून सगळं माझं पाठ आहे. पण त्या चार-सहा दिवसांत मला माझं काम नव्यानं दिसलं, आणि माझ्या घरालाही ते पहिल्यांदाच दिसलं. म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी जाण्याचं कारण सांगायला हवं. नवे प्रिन्सिपॉलसाहेब आल्यापासून आमच्या वऱ्हाडातल्या कॉलेजात एक चांगली चाल पडली आहे. दर वर्षी शिकवणाऱ्यांपैकी एकाला आणि बाकीच्या नोकरवर्गापैकी एकाला आपापल्या कामातलं काही नवं शिकायला बाहेर पाठवतात. परत आल्यावर त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून काय शिकलो ते सांगायचं. मागच्या खेपेला ग्रंथालयातले शिपाई नागपूरला पुस्तकबांधणी शिकून आले. सभेत बोलताना ते अडखळत होते. पण साहेबांनी स्वतः उठून त्यांच्या गळ्यात हार घातला, आणि त्यानंतर प्राध्यापक मंडळी त्यांना 'अरे' म्हणायची ती 'देवराव' म्हणू लागली.

या वर्षी माझी पाळी आली. मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर आहे. म्हणजे मुलांना पानं-फुलं चिरून दाखवणं, सूक्ष्मदर्शक लावून देणं हे माझं काम. नोकरी कच्ची. उन्हाळा आला की संपायची आणि जूनमध्ये पुन्हा मिळाली तर मिळायची. आमच्या विभागाचे प्रमुख आठल्ये सर मला घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला वनस्पती गोळा करायला जाणार होते. आल्यावर ते माझ्याबद्दल अहवाल देणार, आणि अहवाल चांगला असला तर मी कायम होणार, शिवाय पुढच्या शिक्षणासाठी वर्षभर नागपूरला जाणार, असं साहेबांनी मला खोलीत बोलावून सांगितलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पलीकडे गेलेलं नाही. मला शिकता यावं म्हणून माझ्या थोरल्या भावानं चौथीतून शाळा सोडून नांगर धरला. त्यामुळे ती बातमी ऐकून मी खोलीबाहेर आलो तेव्हा मला आनंदापेक्षा धाकच जास्त वाटला.

शेगाव

आठल्ये सर पुण्याचे. साठीकडे झुकलेले, पण चालायला लागले की मला पळावं लागतं. प्रवासाला त्यांनी खाकी अर्धी विजार आणि उन्हाची टोपी घातली होती, आणि खांद्याला हिरव्या रंगाची पत्र्याची लांबट पेटी अडकवली होती. तोडलेली झाडं सुकू नयेत म्हणून आम्ही ती अशा पेटीत ठेवतो. शेगावच्या स्टेशनावर उतरल्यावर एका बाईनं सरांकडे एकदा, पेटीकडे एकदा पाहिलं, आणि कडेवरच्या पोराला पदराआड घेऊन ती लगबगीनं दूर गेली.

"काय झालं त्यांना?" सरांनी विचारलं.

"सर, त्यांना तुम्ही देवी टोचणारे डॉक्टर वाटलात."

सरांनी टोपी काढून काखेत धरली. पुढे दिवसभर पोरं दिसली की ते टोपी काढत.

देवळात जाऊन आम्ही महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं. सर फारसे देवभोळे नाहीत, पण तिथल्या स्वच्छतेनं ते खूश झाले. धर्मशाळेत झुणका-भाकर मिळाली, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. पुण्याकडे ठेचा चवीपुरता ताटाच्या कडेला असतो, आमच्याकडे तो भाकरीएवढाच मानाचा. सरांनी भाजी समजून मोठा घास घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी तो चावून गिळला, आणि मग म्हणाले, "गावंडे, ही मिरची कोणत्या जातीची आहे याची नोंद करायला हवी." मी पळत जाऊन गूळ आणला.

संग्रामपूरहून पुढे

संग्रामपूरपर्यंत मोटार मिळाली. तिथून सोनाळ्याला रहमतचाचांची दमणी ठरवली होती. रहमतचाचा आठवडी बाजारात कापड विकतात आणि मधल्या दिवसांत बैलगाडी हाकतात. मला ते लहानपणापासून ओळखतात. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आली होती, मधून मधून कपाशीची पहिली बोंडं फुटली होती. काळ्या मातीवर ती पांढरी बोंडं पाहून सर तीनदा खाली उतरले.

चाचांनी आमचं सामान पाहिलं. दोन लाकडी जाळीच्या फळ्या, त्यांच्यामध्ये जाड कागदांची थप्पी, आणि वरून आवळलेले चामड्याचे पट्टे. याला आम्ही प्रेस म्हणतो. ताजं झाड कागदात सपाट ठेवून दाबायचं, ओले झालेले कागद रोज बदलायचे, म्हणजे ते सावलीतच हळूहळू वाळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

"काऊन रे सिरीराम, नोटा छापाची मशीन हाय का हे?" चाचांनी विचारलं.

"नाही चाचा, झाडं दाबून वाळवायचं साधन आहे."

"आँ? असं पुस्तकातल्यावानी काऊन बोलून राह्यला बे? तुह्या मायले समजन का हे?"

मी सामान गाडीत चढवू लागलो. गेली कित्येक वर्षं कॉलेजात मी पुण्याकडची भाषा बोलतो. पुण्याकडून आलेल्या मुलांनी पहिल्या वर्षी माझ्या 'मले-तुले'वर हसून घेतलं होतं, तेव्हापासून ती सवय. सरांसमोर जीभ वळेना. सर मात्र चाचांशी रंगले होते. चाचा त्यांना प्रत्येक झाडाचं काय करतात ते सांगत होते, आणि निम्मं चुकीचं सांगत होते, हे आम्हा दोघांना कळत होतं. पण सर इतक्या गोडीनं ऐकत होते, की चाचांना टोकायची माझी हिंमत झाली नाही.

सोनाळा

घरी पोचलो तेव्हा ओसरीचा एक कोपरा ताज्या शेणानं सारवलेला होता. तिथं तीन दगडांची नवी चूल मांडलेली. शेजारी सुपात कणीक, तुरीची डाळ, तांदूळ, गुळाचा खडा, वाटीत तूप, आणि घासून लखलखीत केलेली पितळेची भांडी. माझी माय दारात पदर सावरून उभी होती.

"हे काय?" सरांनी मला हळूच विचारलं.

मी संकोचलो. आमच्याकडे ब्राह्मण पाहुणा आला की त्याला शिधा द्यायचा आणि त्यानं आपल्या हातानं रांधून खायचं, अशी रीत. कुणब्याच्या घरचं शिजलेलं तो खाणार नाही, हे धरूनच चालायचं. मायनं कोणाला न विचारता सगळी तयारी केली होती. मी हे सरांना सांगितलं.

सर त्या सुपाजवळ उकिडवे बसले. डाळीत बोटं घालून पाहिली. मग मायकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही माझी फार काळजी घेतलीत. पण मला चहासुद्धा करता येत नाही. घरी आमची मंडळी मला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. इथं मी चूल पेटवली तर तुमचं घर जाईल. मला तुमच्या हातचंच वाढा."

मायनं माझ्याकडे पाहिलं. "चालते त्याईले?" असं तिनं मला विचारलं, जणू सर तिथं नव्हतेच.

"चालते," सरच म्हणाले.

गणपतदादा, म्हणजे माझा भाऊ, बैल बांधून आला होता. तो दाराशी टेकून हसत होता. "बरं झालं गुरुजी," तो म्हणाला, "नाई त आमाले तुमच्या हातचं खा लागलं असतं."

त्या दिवशी सर आमच्या स्वयंपाकघरात पाटावर जेवले. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. स्वतःच्या घरी ते मोजून दोन पोळ्या खातात, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. इथं मायनं त्यांना मोजायची सवडच दिली नाही. त्यांनी ताटावर हात आडवा धरला तर तिनं भाकर हाताच्या वर ठेवली.

जेवणानंतर दादानं प्रेस उलटसुलट करून पाहिली. "मंग उद्यापासून तुमी दोघं डोंगरात जाऊन झाडपाला आणान?"

"हो," मी म्हणालो.

"आणि हे तुह्यं कालेजातलं काम होये?"

"हो."

"अबे, बी.एस्सी. होऊन गवतच कापाचं होतं, त इथं काय इळा नव्हता?"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. पण दादाच्या बोलण्यात नुसती थट्टा नव्हती. मी काय करतो हे त्याला खरंच कळलेलं नव्हतं, आणि ज्या माणसानं माझ्यासाठी शाळा सोडली त्याला ते इतक्या वर्षांत मी कधी नीट सांगितलं नव्हतं.

डोंगरात

गावाच्या उत्तरेला डोंगर सुरू होतो. सालई, धावडा, तेंदू, मोहा. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, नाल्यांतून अजून पाणी झुळझुळत होतं. लहानपणी मी इथं चारोळ्या खायला यायचो. आता प्रत्येक झाडापाशी थांबून सर मला विचारत, कूळ कोणतं, फुलाची रचना कशी, आणि मी परीक्षेला बसल्यासारखा सांगत होतो. एकदा माझं चुकलं. सरांनी ते सुधारलं नाही. नुसतं फूल माझ्या हातात दिलं आणि मला पुन्हा पाहायला लावलं.

दुसऱ्या दिवशी एका नाल्याच्या सावलीच्या बाजूला, खडकाच्या फटीतून वर चढलेली एक वेल मला दिसली. पानं जाडसर, बदामाच्या आकाराची. फुलं अगदी लहान, झुबक्यात, बाहेरून हिरवट आणि आतून गडद जांभळी. मी कूळ ओळखलं, पण पुढे गाडी अडली. मी सरांना हाक मारली. ते खडकावर पालथे पडून भिंगातून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"गावंडे," ते शेवटी म्हणाले, "ही मी वऱ्हाडात कधी पाहिलेली नाही. नाव काय ते मला सांगता येत नाही. घरी जाऊन पुस्तकं काढावी लागतील."

सरांच्या तोंडून 'मला सांगता येत नाही' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले, आणि ते त्यांनी अतिशय आनंदानं म्हटले होते. आजूबाजूला शोधलं तर तशी आणखी एकच वेल सापडली. तिच्यावर शेंगा धरायला लागल्या होत्या. सरांनी मला फक्त पहिल्या वेलीचे दोन तुकडे काढू दिले. "दुसरीला हात लावायचा नाही. तिचं बी इथंच पडू दे."

उतरताना सरांचा पाय ओल्या दगडावरून घसरला. गुडघा चांगलाच दुखावला. दादा बैलगाडी घेऊन पायथ्यापर्यंत आला नसता तर कठीण होतं. गाडीत पडल्या पडल्या सर म्हणाले, "या वेलीवर आपण टिपण लिहू. ते तुम्ही सभेत वाचा. नागपूरला जाण्यासाठी याहून चांगली शिफारस मला करता येणार नाही." मी पेटी मांडीवर धरून बसलो होतो. घर येईपर्यंत मी ती खाली ठेवली नाही.

धाब्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे नमुने कोरड्या कागदांत बदलले आणि मायला सांगितलं, "हे ओले झालेले कागद तेवढे उन्हात टाक." सरांचा गुडघा सुजलेला होता, म्हणून डोंगराचं नाव न काढता आम्ही दादाच्या गाडीतून गावाजवळच्या नदीकाठी गेलो आणि उन्हं कलल्यावर परतलो.

अंगणात प्रेस उघडी पडलेली होती. फळ्या एकीकडे, पट्टे एकीकडे. माय घरात नव्हती.

"मी इथी हाय," वरून आवाज आला.

आमच्याकडे घरांवर मातीचं सपाट छत असतं, त्याला धाबं म्हणतात. वाळवण, धान्य, उन्हाळ्यातलं झोपणं, सगळं तिथं. मी शिडीनं वर गेलो. मायनं आपलं धुतलेलं लुगडं अंथरलं होतं आणि त्यावर आमचे सगळे नमुने एकेक करून पसरले होते. शेजारी गवारीच्या शेंगा वाळत होत्या. माय डोक्यावर पदर घेऊन हातात काठी धरून बसली होती.

"पाय, कसं कडक वाळलं," ती म्हणाली. "तुहे ओले कागदं घालाले गेली, त बांधलेले कागदं बी दमट लागले. उघडून पाह्यलं त पानं घामेजून गेलेली. म्या म्हटलं, लेकरानं इतक्या लांबून आणलं, कुजून जाईन. म्हणून वरतं आणलं. दुपारभर हटली नाई, चिमण्या येते न."

ज्या घरात भाजी, शेंगा, मिरच्या, सगळं उन्हात वाळवून वर्षभर टिकवतात, तिथं याहून शहाणपणाचं काय करणार? मी वेल शोधली. पानं सुरळीसारखी वळून गेली होती. रंग तपकिरी. फुलं चुरमुऱ्यासारखी हलकी झाली होती. बाकीची झाडं पुन्हा मिळाली असती. ही मिळणार नव्हती.

सर दुखरा पाय ओढत शिडी चढून आले. त्यांनी वेल हातात घेतली, उन्हाकडे धरून पाहिली, आणि पुन्हा लुगड्यावर ठेवली.

"छान वाळलंय, बाई," ते म्हणाले. "आता मला चहा द्या."

माय खूश होऊन खाली गेली. सर कठड्यावर बसले. मी म्हणालो, "सर, मी आत्ता जातो. अजून उजेड आहे. ती दुसरी वेल..."

"नाही. ती तिथंच राहील."

"मग आपलं टिपण?"

सरांनी पुन्हा लुगड्यावरच्या वेलीकडे पाहिलं. त्यांच्या नोकरीचं हे शेवटचं वर्ष होतं. त्या टिपणावर माझ्याइतकाच त्यांचाही जीव असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र नागपूर होतं, आणि ते दूर दूर जात होतं.

मी खाली आलो. माय चुलीपुढे बसली होती. चहाचं आधण शेजारी होतं, आणि मोठ्या भांड्यात ती सरांसाठी फुणके वाफवायला ठेवत होती. तुरीच्या भरड्याचे हे गोळे आमच्याकडे कढीबरोबर खातात. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काही बिघडलं का रे?"

मी तिच्याजवळ बसलो, आणि त्या प्रवासात पहिल्यांदाच माझ्या तोंडून घरची भाषा आली. "माय, थे उन्हात नाई वाळवत. कागदात दाबूनच वाळवा लागते. वळलेल्या पानाचं काही दिसत नाई."

तिचा हात थांबला. "माह्यानं झालं?"

"हाव."

"तुह्यी नोकरी..."

"माईत नाई."

ती रडली नाही. "मंग आता कसं कराचं?" एवढंच तिनं विचारलं. दादा दारात उभा राहून ऐकत होता, आणि पहिल्यांदाच त्याला थट्टा सुचली नव्हती.

भांड्याच्या झाकणाखालून वाफ येत होती. प्रयोगशाळेत जुनं वाळलेलं फूल उकलून पाहायचं असलं की आम्ही ते गरम पाण्यात मऊ करून घेतो. ते माझं रोजचं काम. एका फुलासाठी चालतं ते अख्ख्या फांदीसाठी का चालू नये? मी धावत वर जाऊन सरांना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "रंग परत येणार नाही. पण आकार येईल कदाचित. आधी एखाद्या साध्या पानावर करून पाहा."

फुणके बाजूला ठेवावे लागले. भांड्यावर मी चाळण ठेवली. पहिलं साधं पान जास्त वेळ राहिलं आणि त्याचा लगदा झाला. दुसरं लवकर काढलं, ते मोडलं. तिसऱ्याला अंदाज आला. मग वेल ठेवली. पानं मऊ पडली, पण मी चिमट्यानं पहिलं पान उकलायला गेलो तर कड फाटली.

"सरक," माय म्हणाली.

तिनं हात पाण्यात बुडवले, पुसले, आणि वळलेलं पान नुसत्या बोटांच्या टोकांनी उलगडायला सुरुवात केली. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून तिची बोटं तयार झालेली आहेत. मी तिला सांगत होतो, हे पान उताणं ठेव, हे पालथं, म्हणजे मागची बाजूही दिसते. या झुबक्याला हात नको लावू, तो मी करतो. सर कागद पुढे करत होते. वजनाला पाटा-वरवंटा हलका पडेल म्हणून दादा जात्याचा वरचा दगड उचलून घेऊन आला. एक झुबका माझ्या हातून तुटला. दोन शाबूत राहिले, आणि सरांनी भिंगातून पाहून मान हलवली: आतली रचना दिसत होती.

"रोज हेच करतं का तू थिकडं?" मायनं मान वर न करता विचारलं.

"हेच. आणि पोराईले शिकवतो."

"मंग इतके वर्सं सांगतलं काऊन नाई? मले वाटे, तू खुर्चीवर बसून बोलतं." पुढचं पान हातात घेत ती म्हणाली, "आता कोणी पुसलं त सांगीन. हातानं काम करते म्हणून."

दादानं तो दगड प्रेसवर ठेवला. "नीट ठेव," माय त्याला म्हणाली, "फुलं हायेत त्यात." त्या दिवशी फुणक्यांना उशीर झाला, आणि काही तळाला लागलेही. सरांनी ते कढीत बुडवून मागून घेतले.

निघताना

सकाळी रहमतचाचांची दमणी दारात आली. सर गाडीत बसणार, इतक्यात माय त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, नुकसान माह्यानं झालं. त्याच्या नावावर नोका टाकू."

सर गाडीकडे न जाता ओट्यावर बसले. त्यांनी मला प्रेसमधला वेलीचा कागद काढायला सांगितला आणि खिशातून छापील चिठ्ठी काढली. प्रत्येक नमुन्याला अशी चिठ्ठी लावतात: झाडाचं नाव, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव, शेरा. आमच्या कॉलेजात गोळा करणाऱ्याच्या जागी नेहमी विभागप्रमुखांचं नाव पडतं, मग झाड कोणीही आणलेलं असो. ती जुनी वहिवाट आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

सरांनी झाडाच्या नावाची जागा कोरी ठेवली. ठिकाण लिहिलं. मग मायला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचत लिहिलं, "गोळा करणार, श्रीराम गावंडे."

"सर, तिथं तुमचं..." मी म्हणालो.

"माझं नाव त्या कपाटात पुष्कळ आहे." ते मायकडे वळले. "बाई, अहवालात मी सगळं खरं लिहीन. ऊनही लिहीन, वाफही लिहीन. त्यात याची बदनामी होण्यासारखं काही नाही. उलट, बिघडलेलं काम कसं सावरतात ते याला येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. प्रयोगशाळा सोपवायला मला असाच माणूस हवा."

मायचं समाधान झालं नाही. "मंग माहंबी लिवा," ती म्हणाली. "उन्हात म्या वाळवलं म्हणून. उद्या कोणी पाह्यलं त त्याले बोल नाई लागला पाह्यजे."

दादा म्हणाला, "माय, सरकारी कागदावर कोणी आपली चूक लिवून घेते का?"

"मी लिहून घेतो," सर म्हणाले. "बाई, तुमचं नाव काय?"

तिनं सांगायला वेळ लावला. आमच्या घरात तिला नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. "गंगू," ती म्हणाली, आणि मग सावरून, "गंगूबाई."

सरांनी शेऱ्याच्या जागी लिहिलं. तिला वाचता येत नाही, म्हणून त्यांनी वाचून दाखवलं: "आधी उन्हात वाळवली, नंतर वाफेवर मऊ झाल्यावर सरळ केली. दोन्ही कामं गंगूबाई गावंडे यांची."

"दुसरं कायले लिवलं?" माय म्हणाली. "म्या पयलंच सांगतलं होतं."

"दुसरंही खरं आहे," सर म्हणाले.

तिनं पदराला बोट पुसलं आणि त्या शाईवर, लांबूनच, एकदा फिरवलं. रहमतचाचांनी बैलांना हाकारा दिला.

परत आल्यावर

सरांनी अहवाल दिला. मी कायम झालो आहे, आणि जूनमध्ये नागपूरला जाणार आहे. सभेत मी या प्रवासाबद्दल बोललो तेव्हा मीही अडखळलो. साहेबांनी हार घातला. पहिल्या रांगेत बसलेले देवराव सर्वांच्या आधी टाळ्या वाजवायला लागले. वेलीचं नाव अजून नक्की ठरलेलं नाही. सर पुस्तकांत शोधत आहेत, आणि टिपण आम्ही दोघं मिळून लिहितो आहोत. सर निवृत्त झाले तरी ते पुरं करू, असं आमचं ठरलं आहे.

तो कागद आता आमच्या कपाटात आहे. आजूबाजूच्या कागदांवर झाडं हिरवी आहेत. ही एकटीच तपकिरी, एका पानाची कड फाटलेली. दर वर्गातली मुलं तिथं अडतात आणि विचारतात की ही अशी का. मी त्यांना चिठ्ठी वाचायला सांगतो. ती वाचतात, आणि मग गंगूबाई कोण म्हणून विचारतात.

"माही माय," मी सांगतो, आणि पुढचा कागद काढतो.